संततिनियमन : आपल्याच घरातला एक विसरलेला ठराव

गेल्या पावसाळ्यात मी अलोऱ्याला भावाकडे गेले होते. चिपळूणहून कऱ्हाडकडे जाताना कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या टापूत हे गाव आहे. बाहेरच्या माणसाला ते कोयना प्रकल्पाची वसाहत म्हणूनच ठाऊक असते. आमची बौद्धवाडी मात्र वसाहतीच्याही आधीची. दुपारी घरात कोणी नाही असे पाहून माझी भाची जवळ आली. तिने तांदळाच्या डब्यातून रुमालात गुंडाळलेले एक पाकीट काढले. आशाताईने दिलेली ‘माला-एन’. लग्नाला पाच महिने झालेले, नर्सिंगचे शेवटचे वर्ष राहिलेले, नवरा पुण्याला कंपनीत. तिने हळूच विचारले, “आत्ते, ही गोली रोज खायाची, का ह्ये गावाला येतील तवाच?”

मी हसले, आणि हसल्याची मला लगेच लाज वाटली. प्रश्न वेडगळ नव्हता. ज्या मुलखातला पुरुष शंभर-सव्वाशे वर्षे शिमग्याला आणि गणपतीला तेवढा घरी येतो, त्या मुलखातल्या बाईने हाच प्रश्न विचारायला हवा. तिला मी काय उत्तर दिले ते पुढे सांगेन. आधी त्या रात्री मला जे सुचले ते मांडते.

आमच्या घरात ही गोळी पहिल्यांदाच आली होती. माझ्या आजीला अकरा बाळंतपणे झाली, चार मुले जगली. आयेची सहा बाळंतपणे झाली. सातवे झाले नाही, कारण १९७६ साली वडील घाटावर रस्त्याच्या कामाला असताना मुकादमाने माणसे ट्रकमध्ये घालून नेली आणि त्यांची नसबंदी झाली. घरी आले तेव्हा ते महिनाभर कोणाशी धड बोलले नाहीत. दुसऱ्या मुलानंतर मी स्वतः एका शिबिरात ऑपरेशन करून घेतले. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकल्या होत्या आणि आम्ही बायका त्यांवर ओळीने पडलो होतो. कोणीतरी माझ्या कपाळावर चिकटपट्टी लावून तिच्यावर आकडा लिहिला होता. मी शिक्षिका. मला सही करता येत होती, म्हणून माझा अंगठा घेतला नाही, एवढाच काय तो फरक. आजीच्या हातात काहीच नव्हते. आयेच्या आणि माझ्या वेळी जे झाले ते कायमचे होते आणि ते दुसऱ्याने ठरवलेले होते. स्वतः सुरू करायचे आणि वाटेल तेव्हा स्वतःच बंद करायचे असे साधन हाती घेणारी ही आमच्यातली पहिली.

या गोष्टीला इतका उशीर का झाला? आपल्यातले पुष्कळ कार्यकर्ते म्हणतात की कुटुंबनियोजन हा सरकारचा आणि सवर्णांचा कार्यक्रम, आपला त्याच्याशी संबंध काय? मला हे पटत नाही, कारण इतिहास नेमका उलटा आहे. नसबंदीचा ट्रक सरकारचा होता हे खरे. पण संततिनियमनाची मागणी त्याच्या अडतीस वर्षे आधी मुंबईच्या विधानसभेत मांडली गेली होती, आणि ती मांडणारा पक्ष बाबासाहेबांचा होता.

थोडे मागे जावे लागेल, आणि तेही फार लांब नाही, याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात. समुद्रकाठचे मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे १८८२ साली तिथेच जन्मले. त्याच तालुक्यातले वणंद हे माता रमाईचे माहेर. बाबासाहेबांचे लहानपणही काही काळ दापोलीच्या कॅम्पात गेले. मुरूड आणि वणंद यांच्यात कोसांचे अंतर थोडे, जातीचे अंतर मोजता न येणारे. पण मूल केव्हा व्हावे हे बाईच्या हाती नसणे, हे दुःख त्या काळी दोन्ही गावांत सारखेच होते.

बाबासाहेब हे रामजी सुभेदार आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य, हे आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. त्या चौदांपैकी मोठी झाली पाच, आणि बाबासाहेब लहान असतानाच भीमाबाई गेल्या, हे सांगताना मात्र आपला आवाज खाली येतो. रमाईंना पाच मुले झाली. यशवंत तेवढे वाचले. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न गेली. १९२६ साली राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना जे पत्र लिहिले, ते वाचून डोळे कोरडे ठेवणे कठीण आहे. रमाई १९३५ च्या मे महिन्यात गेल्या. पुढे विधानसभेत स्त्रीच्या शरीराची झीज आणि गर्भारपणातला मृत्यू यांविषयी जो मसुदा गेला, त्यामागे हे घर होते असे मी समजते. कागदावर तसे लिहिलेले नाही, पण घरात घडलेले माणूस विधानसभेच्या दाराबाहेर ठेवून आत जात नाही.

कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला तो याच साली. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. हा प्रचार कॉलेजला रुचला नाही आणि १९२५ मध्ये त्यांची नोकरी गेली. मग जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि ते १९५३ साली मरेपर्यंत चालवले. या एकाकी माणसाला साथ होती ती पत्नी मालतीबाईंची. मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी. काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांतून नुकतेच बाहेर पडलेल्या नेत्याला बदनाम मासिकाची बाजू घेऊन काय मिळणार होते? टिळक-आगरकरांचा वारसा सांगणारी पुण्या-मुंबईची विद्वान मंडळी तेव्हा बहुतेक दूरच राहिली. लोकांना शंका असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे आणि लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते अश्लील ठरत नाही, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. ज्ञानावर कोणाची मक्तेदारी नसावी हा मुद्दा चवदार तळ्याच्या पाण्यासारखाच आहे हे ज्याला दिसले, त्याने ते वकीलपत्र घेतले. इतरांना त्यात नुसती चावट उत्तरे दिसली.

आता १९३८ साल. आपल्या चळवळीच्या इतिहासात हे साल शेतकरी आणि कामगारांचे म्हणून नोंदले गेले आहे, आणि ते बरोबरच आहे. खोतीविरोधी विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मांडले होते. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. हे आपल्याला पाठ आहे. पण त्या संपानंतर तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबर १९३८ ला, स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत एक अशासकीय ठराव मांडला. मसुदा बाबासाहेबांचा होता. ते स्वतः सभागृहात नव्हते, म्हणून रोहम उभे राहिले. ठराव असा की कुटुंबाचा आकार मर्यादित ठेवण्याची निकड पाहता सरकारने प्रांतातल्या सर्वसामान्य जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याच्या पुरेशा सोयी पुरवाव्यात.

त्या भाषणात गरिबीचा हिशेब आहे, मुलांच्या शिक्षणाचा आहे, रोगराईचा आहे. पण माझ्या दृष्टीने त्याचा गाभा निराळा आहे. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला एकही पुरुष राजी झाला नसता, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल तर गर्भधारणा टाळणे तिला शक्य असले पाहिजे आणि संतती व्हावी की नाही हे सर्वस्वी तिच्या इच्छेवर असावे, असेही त्यात आहे. सर्वस्वी तिच्या! नवऱ्याच्या नाही, सासूच्या नाही, सरकारच्याही नाही. ज्या सभागृहात हे बोलले गेले तिथे ठराव नामंजूर झाला.

तो काळ आठवा. तीनच वर्षांपूर्वी, डिसेंबर १९३५ मध्ये, अमेरिकेच्या मार्गारेट सँगरबाई वर्ध्याला गांधीजींना भेटल्या होत्या. साधने वापरून संततिनियमन करण्याला गांधीजींची संमती मिळाली नाही. संयम हाच उपाय, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईत तेव्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. संयमाचा उपदेश ऐकायला चांगला असतो. पण संयम पाळायचा तो नवऱ्याने, आणि न पाळल्याचे फळ भोगायचे ते बायकोने, ही त्यातली मेख आहे. मद्रासकडे पेरियार तेव्हा याहून पुढे जाऊन बोलत होते. इतर लोक बाईच्या प्रकृतीसाठी किंवा घरखर्चासाठी संततिनियमन मागतात, आम्ही तिच्या स्वातंत्र्यासाठी मागतो, असा त्यांचा पवित्रा होता.

आणि आपल्या स्त्रिया? त्या गप्प नव्हत्या. २० जुलै १९४२ ला नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्यांनी अध्यक्षीय भाषणात संततिनियमनाचा पुरस्कार केला. घटस्फोटाचा हक्क मिळावा, बहुपत्नीकत्वाला बंदी व्हावी, असे ठराव त्या परिषदेत झाले. लग्नाची घाई करू नका आणि फार मुले होऊ देऊ नका, असे बाबासाहेबांनीही तिथे बायकांना सांगितले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढले नसते तर या परिषदेतल्या बायकांची नावेही आपल्याला मिळाली नसती. उर्मिलाताई याच जिल्ह्यातल्या. आपल्या साहित्याने आयेची थोरवी पुष्कळ गायिली. तिच्या फाटक्या लुगड्यावर, डोक्यावरच्या मोळीवर, उपाशी पोटावर आपण कविता केल्या. तिची बाळंतपणे मात्र कोणी मोजली नाहीत.

गोळीचा स्वतःचा इतिहासही फार स्वच्छ नाही. सँगरबाईंच्या आग्रहाने आणि कॅथरिन मॅकॉर्मिक या श्रीमंत विधवेच्या पैशावर ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी ती सिद्ध केली. मोठी चाचणी झाली ती १९५६ पासून प्वेर्तो रिकोमध्ये, गरीब वस्तीतल्या बायकांवर. आपल्यावर प्रयोग चालला आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते. शंभरात सतरा बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते असे तिथल्या डॉक्टर राइस-रे बाईंनी कळवले. ते मनावर घेतले गेले नाही. १९६० साली अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली तेव्हा तिच्यात हार्मोनची मात्रा आजच्या कितीतरी पट होती. रक्ताच्या गुठळ्या होऊन काही बायका मेल्या. १९७० मध्ये अमेरिकन सिनेटपुढे या प्रश्नाची सुनावणी झाली तेव्हा साक्षीला गोळी घेणारी एकही बाई बोलावली नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनी उभे राहून जाब विचारला. त्यानंतर गोळीच्या पाकिटात धोके सांगणारा माहितीचा कागद घालणे भाग पडले. आपल्याकडे ‘नेट-एन’ या इंजेक्शनाविरुद्ध स्त्री संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हाही मागणी हीच होती की आम्हाला आधी सगळे सांगा.

भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. तो घेणाऱ्या पहिल्या देशांत आपण होतो. त्याच वर्षी मुंबईत या विषयाची जागतिक परिषदही भरली. १९३८ ची मागणी पुरी झाली असे कागदावर दिसते. पण मागणीतले ‘तिच्या इच्छेवर’ हे शब्द वाटेत कुठेतरी गळाले आणि त्यांच्या जागी लक्ष्यांक आला. १९६५ ला लूप आला, १९६८ ला निरोध. गोळी मात्र मागेच ठेवली गेली. आपल्या अडाणी बायका रोज आठवणीने गोळी घेणार नाहीत, असे कारण दिले जाई. हे कारण मला फार टोचते. जी बाई रोज पहाटे उठून पाणी भरते, भाकऱ्या थापते, कामावर जाते, संध्याकाळी परतून चूल पेटवते, तिला एक गोळी लक्षात राहणार नाही? न विसरता येणारे साधन हवे होते ते सरकारला, म्हणजे एकदा केले की बाईला विचारायलाच नको.

त्याचा शेवट आणीबाणीत झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. ट्रकमध्ये चढवले गेले ते गरीब, भूमिहीन, ज्यांच्या मागे कोणी नाही असे. माझे वडील त्यांतलेच. आणीबाणी उठली, सरकार पडले, आणि पुरुषाला हात लावायचा नाही हा धडा पुढच्या सगळ्या सरकारांनी गिरवला. ओझे बाईवर आले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचे ऑपरेशन झालेले होते. नसबंदी केलेल्या पुरुषांचे प्रमाण ०.३ टक्के आणि गोळीचे ५.१ टक्के. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने केली आणि त्यांतल्या तेरा-चौदा मेल्या. त्या बहुतेक दलित, आदिवासी आणि मागास जातींतल्या होत्या. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. तो निकाल वाचताना मला माझ्या कपाळावरची चिकटपट्टी आठवली.

म्हणून आपल्या माणसांचा संशय मी खोटा ठरवत नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्यांना ग्रामपंचायतीची दारे बंद झाली. तेव्हा आरक्षणामुळे नुकत्याच सरपंचपदाकडे पाहू लागलेल्या आपल्या बायकांवर काय ओढवले? मूल कधी आणि किती हे ज्यांनी ठरवलेच नव्हते, त्यांनाच शिक्षा झाली. पण संशय सरकारवर असावा, साधनावर नको. आपली संख्या वाढली पाहिजे, असे सभेत सांगणारे कार्यकर्ते मी ऐकले आहेत. संख्या कोणाच्या पोटातून वाढायची ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

आता भाचीचे उत्तर. मी तिला सांगितले की ही गोळी नवरा येईल तेव्हा घेऊन चालत नाही. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायची आणि रोज एकाच वेळी घ्यायची. पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ हार्मोनच्या, त्या बीजांड बाहेर पडू देत नाहीत. शेवटच्या ७ गडद रंगाच्या लोहाच्या. त्या दिवसांत पाळी येते. पाकीट संपले की खंड न पाडता दुसरे. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची. दोन किंवा अधिक चुकल्या तर पुढचे सात दिवस निरोधही वापरायचा. पहिले दोन-तीन महिने मळमळेल, मधेच डाग पडेल, घाबरायचे नाही. पण पोटरी दुखून सुजली, छातीत कळ आली, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे चमकू लागले तर गोळी थांबवून डॉक्टरकडे जायचे. रक्तदाब तपासून घ्यायचा. अंगावर पाजणाऱ्या बाईने पहिले सहा महिने ही गोळी घ्यायची नाही. क्षयाचे औषध चालू असेल तर सांगायचे, कारण रिफॅम्पिसिनने गोळीचा गुण कमी होतो. गिरणगावातून क्षय घेऊन परतलेली माणसे ज्या वाडीने पाहिली, तिथे हे सांगायलाच हवे. गोळी बंद केली की मूल होते, कायमचे काही होत नाही. गुप्तरोगापासून मात्र ती वाचवत नाही.

नवरा वर्षातून दोनदाच येणार असेल तर रोज हार्मोन घेणे तुला हवे आहे का, तेही बघ, असे मी म्हटले. दुसरे उपाय आहेत. निरोध आहे. लखनौच्या आपल्याच शास्त्रज्ञांनी काढलेली, हार्मोन नसलेली ‘सहेली’ १९९१ ला बाजारात आली, तीच आता सरकारी केंद्रात ‘छाया’ नावाने मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. भाचीने सगळे ऐकून घेतले. मग तिने नवऱ्याचे पाळीचे वेळापत्रक असल्यासारखे बोटांवर मोजले. इथे पाळी म्हणजे कंपनीतली शिफ्ट. या महिन्यापासून तो दर पंधरवड्याला येणार आहे, परीक्षा मार्चमध्ये आहे, म्हणजे हीच गोळी बरी, असे तिने ठरवले. मी काही बोलले नाही.

चार दिवसांनी तिने पाकिटावर पेनाने तारीख लिहिली आणि पहिली गोळी माझ्यासमोर घेतली. चहाबरोबर चालते का, एवढेच विचारले. चालते म्हटले. पाकीट तिने पुन्हा रुमालात बांधले, पण यावेळी तांदळाच्या डब्यात न ठेवता नर्सिंगच्या वहीत ठेवले. सासूला सांगायचे की नाही हे तिने अजून ठरवलेले नाही.